नऊ खटके निळा

रोज सकाळी कामावर आलं की काकू पर्स कपाटात ठेवायच्या, करडा एप्रन चढवायच्या आणि काळ्या खोलीत जाऊन दार लावून दहा मिनिटं नुसत्या बसायच्या. दिवा नाही, बोलणं नाही, हातात काही नाही. नव्याने कामाला लागलेल्या माणसाला वाटायचं, बाई ध्यान करतायत, नाहीतर सरळ झोप काढतायत. कुणी विचारलंच तर काकू म्हणायच्या, "डोळे भिजत घालते. कडधान्य भिजल्याशिवाय शिजतं का कधी?"

दहा मिनिटांनी आतून टकटक व्हायची. म्हणजे डोळे भिजले. मग बाकीच्यांनी आत यायचं.

ती खोली म्हणजे एका प्रयोगशाळेचा कोपरा होता. खालच्या मजल्यावर टायरचं गोदाम, वरच्या मजल्यावर हिशेबनिसांची कचेरी आणि मधल्या मजल्यावर ही पाच खोल्यांची प्रयोगशाळा. फोन आणि टीव्ही बनवणाऱ्या कंपन्या आपला नवा माल बाजारात आणण्याआधी इथे पाठवत. एका खोलीत बॅटरी तपासायची, एका खोलीत आवाज. एका खोलीत तर एक माणूस दिवसभर फोन खाली टाकायचा आणि उचलून बघायचा. त्याला सगळे 'आपट्या' म्हणत. स्क्रीनची तपासणी काळ्या खोलीत होई. भिंती काळ्या, छत काळं, टेबलावर काळं कापड. आधी यंत्र मापायचं, मग काकू बघायच्या. अहवालाच्या शेवटच्या पानावर काकूंच्या अक्षरात एक ओळ असायची: 'डोळ्यांनी पाहिले. योग्य.' किंवा 'डोळ्यांनी पाहिले. अयोग्य.' आणि खाली सही. यंत्राची चाळीस पानं वाचायचा कंटाळा करणारे लोकही ती ओळ आधी बघत.

अठ्ठावन्न वर्षांच्या काकूंकडे कसलीही पदवी नव्हती. बावीस वर्षं त्यांनी एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत रंगीत फोटो छापले होते. तिथल्या मास्तरांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "रंगाला नाव देत बसू नकोस. औषध सांग." म्हणजे चेहरा पिवळा पडलाय असं म्हणून भागत नाही, किती पिवळा काढायचा ते सांगायचं. काकू ओला फोटो कधी पारखत नसत. वाळला की हातात घेत, खिडकीपाशी जात आणि तिथूनच सांगत, "दोन पिवळा काढा, अर्धा लाल घाला." पुन्हा छापलं की चेहऱ्यावर रक्त चढायचं.

पुढे लोकांनी फोटो छापणंच सोडलं. स्टुडिओ बंद झाला. काकू वर्षभर घरी बसल्या, शेजारणींच्या साड्यांना जुळणारे दोरे निवडून देऊ लागल्या. मग एक दिवस साहेब शोधत आले. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे मालक. कॉलेजात असताना ते या स्टुडिओत फोटो छापायला येत. त्यांच्या यंत्राने एका टीव्हीला पैकीच्या पैकी गुण दिले होते आणि तरी त्या टीव्हीवरचा प्रत्येक माणूस तापातून उठल्यासारखा दिसत होता. "तुम्ही एकदा येऊन बघा," साहेब म्हणाले. काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "याला थोडा लाल हवाय." त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

सोमवारी तो फोन आला. पेटीवर नाव नाही, चित्र नाही, नुसता क्रमांक. कंपनीचा वर्षातला सगळ्यात महागडा फोन. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की आजवरच्या कुठल्याही फोनपेक्षा याचा पांढरा रंग शुद्ध आहे, आणि हेच वाक्य पेटीवर छापायचं आहे. अहवाल शुक्रवारी हवा होता.

यंत्रावर एक चोवीस वर्षांची मुलगी होती. तिचं मापाचं वेड बघून काकूंनी तिचं नाव 'मापाडी' ठेवलं होतं, आणि आता तिची आईसुद्धा तिला चेष्टेने त्याच नावाने फोनवर हाक मारायची. मापाडीने यंत्राचा डोळा काचेवर टेकवला, आकडे बघितले आणि हळूच शीळ घातली.

"काकू, असा फोन मी पाहिलाच नाही. पांढरा अगदी सुईच्या टोकावर बसलाय."

काकू खुर्चीत बसल्या. समोर काळ्या पुठ्ठ्याला दोन सारख्या चौकोनी खिडक्या कापलेल्या होत्या. डाव्या खिडकीमागे प्रयोगशाळेची जुनी, दर महिन्याला तपासून ठेवलेली स्क्रीन असायची. तिला सगळे 'पंच' म्हणत, कारण प्रत्येक नव्या स्क्रीनचा निवाडा तिच्याशेजारी ठेवून व्हायचा. उजव्या खिडकीमागे नवा फोन. दोन्हीवर नुसता पांढरा.

काकूंनी बघितलं. डोळे मिटले, उघडले, पुन्हा बघितलं.

"पिवळा आहे," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"नवा. जुन्या वहीच्या पानासारखा."

मापाडीने आकडे पुन्हा बघितले. काकूंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. "एप्रनच्या आत काय घातलंयस? पिवळा शर्ट?"

"काकू, निळा आहे. आणि एप्रन गळ्यापर्यंत लावलाय."

तरी काकूंनी तिला पडद्यामागे उभं केलं. टेबलावरचं कापड झटकलं. दुसरा नमुना लावला, मग तिसरा. मधे अर्धा तास बाहेर जाऊन आल्या, पुन्हा डोळे भिजत घातले. तिन्ही फोन पिवळे. यंत्र म्हणत होतं, तिन्ही पांढरेशुभ्र.

दुपारपर्यंत ही गोष्ट पाचही खोल्यांत पोचली आणि जिन्याने वरही चढली. वरच्या कचेरीतले हिशेबनीस रोज खाली चहाला यायचे, कारण खालचा चहा बरा होता. ते कपात फुंकर मारत म्हणाले, "काकू, काविळीच्या डोळ्याला जग पिवळं म्हणतात. ऐकून असाल."

"ऐकलंय," काकू म्हणाल्या. "आणि फुकटच्या चहाला साखर कमी, हेही ऐकलंय."

हसले सगळे. काकूही हसल्या. पण कप धुताना त्यांनी तो दोनदा धुतला. मग नळाखाली धरून त्याचा पांढरा रंग बघत राहिल्या.

मंगळवारी साहेबांनी त्यांना बोलावलं. साहेब भले माणूस. वाईट गोष्ट सांगायची असली की आधी खुर्ची पुढे करायचे, मग पाणी, मग टेबलावरचे कागद सरळ करत बसायचे. आज त्यांनी तिन्ही केलं.

"काकू, मी कंपनीला कळवलं. ते म्हणतात, त्यांच्या तीन प्रयोगशाळांत पांढरा बरोबर आला. आपल्या यंत्रावरही बरोबर आला. आता उरल्या..."

"मी," काकू म्हणाल्या.

"तसं नाही. पण एकदा डोळे दाखवून या. डॉक्टर म्हणाले डोळे ठणठणीत आहेत, तर मी कंपनीशी भांडायला तयार आहे."

"आणि नाही म्हणाले तर?"

साहेबांनी कागद पुन्हा सरळ केले. "नोंदणीचं टेबल रिकामं आहे. आलेल्या पेट्या उघडायच्या, क्रमांक लिहायचे. पगार तोच राहील, ते मी बघतो."

काकूंनी पाण्याचा ग्लास रिकामा करून ठेवला. पेट्या उघडणं हे काही कमीपणाचं काम नव्हतं. त्यांनी त्याहून हलकी कामं केली होती. पण आयुष्यभर ज्याच्या जिवावर पोट भरलं ते एकच होतं: त्यांनी 'पांढरा' म्हटलं की तो पांढरा. तो शब्द गेला की मागे उरतं काय, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

घरी थोरली बहीण होती. दोघीच राहत. ताई सत्तर वर्षांची, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, आणि शब्दाला शब्द भिडवण्यात अजून नोकरीत असल्यासारखी. काकूंनी जेवताना सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "अगं, मी दोन वर्षं सांगतेय. न्हाणीघराच्या फरश्या फिक्या निळ्या आहेत. तू म्हणतेस पांढऱ्या."

"पांढऱ्याच आहेत. कंपन्या माझ्या डोळ्यावर विश्वास ठेवतात, आणि तू फरशीवरून भांडतेस."

"कंपन्यांना आंघोळ करायची नसते त्या फरशीवर," ताई म्हणाली आणि ताट उचलून गेली. जाता जाता म्हणाली, "परवा चारची वेळ घेते डॉक्टरांची. मीच येते न्यायला. नाहीतर तू जायची नाहीस."

बुधवारी सकाळी टकटक झाली तशी मापाडी आत आली. दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, एक बोलू? रागावू नका. 'योग्य' लिहून टाका. एवढ्या वर्षांत एक फोन. कुणाला कळणार नाही. मला तर तो चांगलाच दिसतोय."

काकूंना राग आला नाही. त्या दुसऱ्याच शब्दावर अडकल्या होत्या.

"तुला दिसतोय? म्हणजे तू बघितलास?"

"रोज बघते की. उभ्याउभ्या."

"आणि तुला पिवळा नाही दिसत."

"नाही."

काकू उठल्या. नऊ वर्षांत त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं नव्हतं. तसा कुठे नियम लिहिलेला नव्हता, पण कुणाला बसावंसंही वाटलं नव्हतं. "बस," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं डोळे मिट. मग सांग."

मापाडी बसली. दहा मिनिटं दोघीजणी अंधारात एकमेकींचा श्वास ऐकत होत्या. मग मापाडीने बघितलं. "जवळजवळ सारखे आहेत. उलट नवा कणभर निळसर वाटतो. अगदी कणभर."

"खरं सांगतेस? मला बरं वाटावं म्हणून नाही ना?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी पिवळाच नसता का म्हटला?"

हे मात्र खरं होतं. काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सोमवारची भीती गेली नव्हती. पण तिच्या शेजारी आता आणखी काहीतरी येऊन बसलं होतं. लहानपणी घड्याळ उघडून बघताना वाटायचं तसं कुतूहल. एकाच खिडकीत, एकाच काचेवर, दोन माणसांना दोन पांढरे कसे दिसतात?

मास्तर म्हणाले असते, औषध सांग. काकूंनी मापाडीला विचारलं, "या फोनचा निळा बाहेरून कमीजास्त करता येतो?"

मापाडीने एक गोल बटण आणून जोडलं. ते फिरवलं की दर खटक्याला फोनच्या पांढऱ्यातला निळा थोडा वाढे किंवा उलट फिरवलं तर थोडा घटे. काकू पुन्हा खुर्चीत बसल्या आणि फिरवत गेल्या. एक, दोन, तीन. पाचव्या खटक्याला पिवळेपणा विरायला लागला. नवव्याला दोन्ही खिडक्या एक झाल्या. मधली काळी पट्टी नसती तर शिवण सापडली नसती. मग मापाडी बसली. तिला एक खटका उलटा फिरवावा लागला.

"दहा खटक्यांचा फरक," मापाडी म्हणाली. तिच्या आवाजातली काळजी गेली होती आणि त्या जागी आकडा आला होता.

"आता मागच्या वर्षीचा फोन लाव," काकू म्हणाल्या. "त्यातलाच एखादा, ज्याला मी योग्य म्हटलं होतं."

तो लावला. काकूंनी बटणाला हातही लावला नाही. मापाडीनेही नाही. दोघींना दोन्ही खिडक्या सारख्या.

काकूंनी बटण बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "माझा डोळाच बिघडलेला असता, तर या जुन्यावरही बिघडायला हवा होता."

"हो."

"आणि फोनच बिघडलेला असता, तर तुलाही दिसायला हवा होता."

"हो."

"मग?"

मापाडीने खांदे उडवले. अंधारात ते दिसले नाहीत, पण एप्रनची सळसळ ऐकू आली.

"माणसं आण," काकू म्हणाल्या. "मिळतील तेवढी."

माणसं आली. गोपनीयतेच्या कागदावर सही करून एकेकाने आत यायचं, दहा मिनिटं गप्प बसायचं, मग बटण फिरवायचं. आपट्या आला, सव्वीस वर्षांचा. त्याला एकही खटका लागला नाही. चहावाल्या बाई पस्तिशीच्या. त्यांना दोन लागले. बाहेर येऊन म्हणाल्या, "दहा मिनिटं बसून राहण्याचे तुम्हाला पगार देतात? मलाही लावून घ्या." खालच्या गोदामाचे वॉचमन चौसष्ट वर्षांचे, त्यांना अकरा. हिशेबनीस हात चोळत आले, पन्नाशीचे, आणि सहा खटक्यांवर थांबले.

"सहा म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे अर्धी कावीळ," काकू म्हणाल्या. "पुरती व्हायला अजून दहाएक वर्षं आहेत."

प्रत्येकाने जुना फोनही बघितला. त्यावर सगळ्यांचं जुळत होतं, फार तर एका खटक्याचा फरक. नव्यावर मात्र वयाची शिडी लागली होती: जितकं वय अधिक, तितके खटके अधिक. मापाडीने ते कागदावर मांडलं तेव्हा ठिपके इतके सरळ चढत गेले की तिला स्वतःच्याच कामाचा संशय आला. "एवढं नीट कधीच येत नाही," ती पुटपुटली.

"तर मग उद्या मोडेल," काकू म्हणाल्या.

गुरुवारी मोडलं.

साडेतीनला ताई दारात हजर. हातात छत्री, डॉक्टरांचा कागद, आणि चेहऱ्यावर वर्गात उशिरा आलेल्या मुलीला पकडायचा भाव. काकू तिला बघून उठल्या, पण चप्पल घालण्याऐवजी त्यांनी तिला हाताला धरून काळ्या खोलीकडे नेलं. "पाच मिनिटं," त्या म्हणाल्या.

"तुझी पाच मिनिटं मला माहितीयत."

साहेबांनी सहीसाठी कागद पुढे केला. इथे जे पाहाल ते बाहेर कुणाला सांगणार नाही, असं त्यावर होतं. ताईने चष्मा लावून तो पूर्ण वाचला, एका शब्दाचं शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि मग सही केली.

मापाडीच्या शिडीप्रमाणे सत्तराव्या वर्षी तेरा खटके यायला हवे होते. तिने तसा ठिपका पेन्सिलने आधीच काढून ठेवला होता. ताईने बटण धरलं, उजवीकडे एकदा फिरवलं, नाक मुरडलं, परत आणलं, आणि एक खटका डावीकडे नेऊन सोडून दिलं.

"झालं. सारखे आहेत."

"ताई, नीट बघ," काकू म्हणाल्या. "घाई करू नकोस."

"अगं, नीटच बघतेय. हा उजवा आधी जरा निळा होता, तो कमी केला. तुझ्या न्हाणीघराच्या फरशीइतका निळा."

मापाडीने दिवा लावला. सत्तर वर्षांच्या बाईने चोवीस वर्षांच्या मुलीचा आकडा दिला होता. काकूंची नजर ताईच्या डोळ्यांवर होती. ते डोळे त्यांनी जन्मापासून पाहिले होते, आणि तरी त्या आता प्रथमच बघितल्यासारख्या पुढे वाकल्या.

"तुझे डोळे," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी."

"मोतीबिंदू काढले. दोन्ही. तूच आली होतीस सोबत."

"भिंग बदललं ना आतलं?"

"नवं कोरं घातलं. डॉक्टर म्हणाले, काचेसारखं स्वच्छ."

काकू खाली बसल्या, खुर्चीत नाही, टीव्हीच्या खोक्यावरच. दोन वर्षं चाललेलं फरशीचं भांडण त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं, एकेका शब्दासकट. मग त्या म्हणाल्या, "ताई, फरश्या निळ्या आहेत."

"हे मी लिहून घेऊ का?" ताई म्हणाली.

डॉक्टरांनी उरलेलं सांगितलं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं, खिडकीवरचं जुनं प्लास्टिक उन्हाने पडतं तसं. ते सगळ्यात आधी अगदी टोकाचा, जांभळ्याकडचा निळा अडवतं. माणसाला हे कळत नाही, कारण ते रोज केसभर होतं आणि मेंदू रोज केसभर सवय करून घेतो. काकूंचे दोन्ही मोतीबिंदू सुरू झाले होते. घाई नव्हती, वाटेल तेव्हा शस्त्रक्रिया करता येईल. डॉक्टरांनी तसा कागद दिला. त्यावर 'ठणठणीत' हा शब्द नव्हता.

संध्याकाळी मापाडीने नव्या फोनचा निळा उलगडून बघितला तर तो तसाच निघाला: इतर सगळ्या स्क्रीनच्या निळ्यापेक्षा बारीक, खोल, अगदी टोकाचा. पंचाचा निळा होता ऐसपैस. म्हाताऱ्या भिंगातूनही त्यातला बराचसा आत शिरत होता. नव्याचा दारातच अडत होता. यंत्र ज्या सरासरी डोळ्याच्या मापाने बनवलं होतं, त्या डोळ्यापुरता पांढरा बरोबर होता. तसा डोळा प्रयोगशाळेत एकट्या आपट्याचा होता.

शुक्रवारी सकाळी काकूंच्या पर्समध्ये दोन कागद होते. एक शिडीचा, एक डॉक्टरांचा. शिडीचा कागद पुढे केला असता आणि दुसरा पर्समध्येच राहिला असता, तर कुणी मागितला नसता. फोनच वेगळा निघाला होता, काकूंचा शब्द राहिला होता. मापाडीने तसं सुचवलंही. काकू म्हणाल्या, "अगं, दुसऱ्या कागदाशिवाय पहिला कळणार कसा?" आणि दोन्ही साहेबांपुढे ठेवले.

"माझा डोळा म्हातारा झालाय," त्या म्हणाल्या. "आणि तो फोनही ते म्हणतात तसा नाही. दोन्ही खरं आहे. आता नोंदणीचं टेबल कुठलं ते दाखवा."

साहेबांनी शिडीच्या कागदावर खालून वर बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "हा फोन घेणार कोण? एवढा महाग?"

"ज्यांच्याकडे पैसे असतील ते," मापाडी म्हणाली.

"म्हणजे पन्नाशीच्या पुढचे," साहेब म्हणाले आणि कागद सरळ करायचे विसरून गेले.

त्या अहवालाच्या शेवटच्या पानावर 'योग्य' नव्हतं आणि 'अयोग्य'ही नव्हतं. काकूंनी पहिल्यांदाच सात ओळी लिहिल्या, कुणाला किती खटके लागले ते. खाली सात सह्या होत्या, त्यांत चहावाल्या बाईंची होती आणि ताईची, पूर्ण नाव पदवीसकट. कंपनीचे लोक आधी चिडले, मग चार दिवस गप्प बसले, मग त्यांनी आणखी वीस माणसांवर तीच तपासणी करायला सांगितली. फोन बाजारात आला तेव्हा पेटीवर शुद्ध पांढऱ्याचं वाक्य नव्हतं.

नोंदणीचं टेबल रिकामंच राहिलं. काळ्या खोलीत मात्र एका खुर्चीच्या तीन झाल्या: एक तरुण डोळ्याची, एक मधल्या वयाची आणि एक काकूंची. एकटीच्या सहीचा अहवाल पुन्हा गेला नाही. काकूंना पहिले काही आठवडे ते खुपलं. दुसऱ्याने आधी उत्तर दिलं की त्यांची बोटं एप्रनच्या खिशात आवळली जायची. पण मग एखादा नवाच आकडा यायचा आणि त्या पुढे वाकून विचारायच्या, "का बरं?"

वर्षभराने शस्त्रक्रियेचं त्यांनी ठरवलं तेव्हा साहेब खरोखर अस्वस्थ झाले.

"काकू, आता नको. साठीच्या घरातला असा सराव असलेला डोळा मी आणू कुठून? नवं भिंग घातलंत की तुम्ही ताईंसारख्या व्हाल. मला तुमचा डोळा आहे तसाच हवाय."

"म्हणजे माझा मोतीबिंदू तुमच्याकडे कायम नोकरीला, आणि मी त्याच्या सोबतीला," काकू म्हणाल्या.

"वर्षभर तरी थांबा."

"साहेब, तो निळा माझ्यासमोर वर्षभर रोज लागतो. खोलीतल्या सगळ्यांना दिसतो. ताईला दिसतो. चहावाल्या बाईंना दिसतो. माझं सगळं आयुष्य रंग बघण्यात गेलं आणि तेवढा एक मला लोकांना विचारावा लागतो. मला तो बघायचाय."

साहेबांनी टेबलावरचे कागद सरळ केले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. काकूंनी तो प्यायला.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांनी पूर्ण वेळ काम केलं. दोन टीव्ही होते; एकाला थोडा लाल हवा होता. वॉचमनकाकांना आता म्हाताऱ्या डोळ्याची खुर्ची मिळणार होती, त्यांना बटण कसं धरायचं ते शिकवलं. चिमटीत नाही, तळव्याने, म्हणजे खटका मोजला जातो. पाच वाजता एप्रन काढून खुंटीला लावला. मापाडी यंत्रावर वाकलेली होती, तिने मान वर न करता विचारलं, "निघालात?"

"निघाले," काकू म्हणाल्या. चप्पल घातली, पर्स खांद्याला लावली, दारापर्यंत जाऊन थांबल्या.

"उद्या माझा चहा सांगू नकोस."